उघड्या तोंडाच्या बरण्या

शिमगा होऊन गेला की सोलापुरातल्या वाऱ्याचा स्वभाव बदलतो. थंडीत तो असून नसल्यासारखा असतो. एकदा ऊन तापलं की मात्र दुपारी तीनच्या सुमाराला गल्लीच्या तोंडाशी येऊन उभा राहतो आणि हाताला लागेल ते उचलून नेतो. लिंबाचा वाळला पाला, वेफर्सची रिकामी पाकिटं, कुणाच्या तरी दोरीवरचं लुगडं. परवा असाच सुटला. मी गच्चीवर कुरडयांची राखण करत बसलो होतो. निवृत्त माणसाला घरात एवढंच काम मिळतं. कुरडयांवर एक जुनी ओढणी अंथरलेली होती. वाऱ्याने तिचं टोक उचललं, ती फडफडली, आणि मी ती ओढून घेऊन घडी करून बाजूला ठेवली. ओढणी पॉलिस्टरची होती.

हे वेड मला चार वर्षांपूर्वीच्या एका उन्हाळ्याने लावलं. त्याआधी मीही चारचौघांसारखाच श्वास घ्यायचो, म्हणजे त्याच्याकडे लक्ष न देता. दर वर्षी वारं सुटलं की तो उन्हाळा परत येतो, आणि या वर्षी तर तो नुसत्या आठवणीत आलेला नाही. माझी मुलगी प्रज्ञा दुसऱ्या बाळंतपणाला पुण्याहून येणार आहे. सुमनने, माझ्या बायकोने, आतली खोली रिकामी करून धुऊन काढलीय. पडदे धुऊन परत लावलेत. पहिल्या वेळी प्रज्ञा त्याच खोलीत होती. त्या खोलीबद्दल मला एक गोष्ट ठाऊक आहे. ती मी प्रज्ञाला कधी सांगितली नाही, सुमनलाही नाही. आता सांगायची की गिळून टाकायची, एवढ्याच विचारात माझे दिवस चाललेत.

मी बत्तीस वर्षं इथल्या एका कॉलेजात प्रयोगशाळा सहायक होतो. नाव मोठं आणि काम भांडी घासायचं, असं आमच्या वस्तीतली पोरं म्हणायची. ते काही खोटं नव्हतं. पण घासण्या-घासण्यात फरक असतो. काच धुऊन उलटी धरली की पाण्याचा पातळ पडदा अखंड खाली उतरला पाहिजे; एक थेंब जरी मध्येच अडून बसला तरी काच मळकी. यावर मी दोन तास बोलू शकतो, आणि सुमनच्या म्हणण्याप्रमाणे बोललेलोही आहे. स्वच्छ म्हणजे काय हे सोलापुरात फक्त मला कळतं, असा मला गर्व होता. तो उतरायला एक उन्हाळा पुरला.

त्या वर्षी पीएच.डी. करणाऱ्या एक मॅडम आमच्या प्रयोगशाळेत आल्या. अक्कलकोटकडच्या. आईशी फोनवर भरभर कानडीत बोलायच्या आणि फोन ठेवला की आमच्याशी हळू, तोलून मराठीत. पहिल्याच दिवशी मला म्हणाल्या, "मामा, मला आभाळातून काय पडतं ते मोजायचंय."

"सोलापुरात आभाळातून काही पडत न्हाय मॅडम," मी म्हणालो. "पाऊससुद्धा न्हाय."

त्या हसल्या, पण हसून सोडून दिलं नाही. स्टूल ओढून त्यांनी मला समोर बसवलं आणि नीट समजावून सांगितलं. प्लास्टिक कुजत नाही, ते झिजतं. पिशवी, पोतं, टायर, पताका, अंगावरचे कपडे, सगळं उन्हात तडकतं, घासतं, आणि त्याचे केसाहून बारीक तुकडे नि धागे हवेत जातात. तिथून ते पडतात, आपल्यावर, ताटात, पाण्यात. काही तर पडायच्याही आधी नाकातून आत जातात. "आत जाऊन काय करतात?" मी विचारलं. मॅडम म्हणाल्या, "अजून नीट माहीत नाही, मामा. आधी किती आहेत ते तरी कळू दे." त्यांचं हे उत्तर मला तेव्हा आवडलं नव्हतं. विज्ञानवाल्याने छातीठोक सांगावं, अशी माझी समजूत होती.

पद्धत साधी होती. रुंद तोंडाची काचेची बरणी, तिच्यात स्टीलचं नरसाळं, आणि हे सगळं लोखंडी तिवईवर गच्चीत आठवडाभर उघडं ठेवायचं. आठवड्याने बरणी झाकून आणायची, गाळलेल्या पाण्याने खंगाळून ते पाणी गोल फिल्टर पेपरातून ओढून घ्यायचं आणि पेपर मायक्रोस्कोपखाली धरायचा. बरण्या ठेवायला गावातल्या निरनिराळ्या भागातल्या गच्च्या हव्या होत्या. स्टेशनजवळची एक मिळाली, बाजारातली एक, बंद पडलेल्या गिरणीच्या मागची एक, पूर्व भागातल्या मागवाल्यांच्या वस्तीतली एक. एक कमी पडत होती, ती मी आमची दिली. दर रविवारी स्कूटरवरून फिरून जुन्या बरण्या आणायच्या आणि धुतलेल्या ठेवायच्या, हे माझं काम.

एक अट होती. बरणीला हात लावताना अंगावर फक्त सुती कपडे हवेत, नाहीतर आपलेच धागे आत पडायचे. मी घरी येऊन कपाट उघडलं. टेरिकॉटच्या पँटी, टेरिकॉटचे शर्ट, जावयाने घेतलेला चमकणारा टी-शर्ट. चादरी नि टॉवेलसाठी देशभर नाव असलेल्या या गावात, जिथं माझा आजा सुताच्या गिरणीत कामाला होता, तिथं माझ्या कपाटात निखळ सुती असं एकही कापड निघालं नाही. शेवटी जयंतीला विहारात घालायचा पांढरा सदरा तेवढा सुती निघाला. सुमन म्हणाली, "ह्यो घालून बरण्या उचलणार? मग विहारात काय घालणार?" मी तोच घातला. त्या उन्हाळ्यात सदऱ्याची कॉलर झिजून गेली.

मागवाल्यांच्या वस्तीत आमची बरणी नरसम्मा नावाच्या एका तेलुगू बाईंच्या गच्चीवर होती. घरात खाली माग चालायचे, वर पापड वाळायचे, आणि मधल्या जिन्यावर मागाच्या ठोक्याने पायरी थरथरायची. पहिल्या रविवारी मी बरणी काढायला गेलो तर ती नरसाळं काढून, धुऊनपुसून, चकचकीत करून स्वयंपाकघरात ठेवलेली. तळाशी मूठभर साखर.

"हे काय केलं नरसम्मा?"

"रिकामं भांडं परत कसं द्यायचं, मामा? आमच्यात चालत न्हाय," त्या म्हणाल्या.

आमच्यातही चालत नाही, त्यामुळे मी साखरेसकट बरणी उचलली. मॅडमनी वहीत त्या आठवड्यापुढे लिहिलं, नमुना बाद, कारण साखर. आम्ही चहा केला तो त्याच साखरेचा. आभाळ मोजायला निघालेली माणसं आपल्या लोकांच्या चांगुलपणापुढे पहिल्याच आठवड्यात हरली म्हणून आम्ही पोट धरधरून हसलो होतो.

हसू फार दिवस टिकलं नाही. दुसऱ्या आठवड्याचा पहिला पेपर मॅडमनी मायक्रोस्कोपखाली ठेवला आणि मला म्हणाल्या, या, बघा. मला वाटलं, धूळ दिसेल. सोलापूरच्या माणसाला धुळीचं काय कौतुक! धूळ होतीच. पण त्या धुळीत धागे होते. लाल, काळे, काचेसारखे पारदर्शक, वळलेले, एकमेकांत अडकलेले. एक निळाशार धागा तर असा स्वच्छ पडला होता की मुद्दाम आणून ठेवल्यासारखा. मॅडमनी तापवलेल्या सुईचं टोक त्याच्याजवळ नेलं. सुती धागा असता तर तसाच राहिला असता. हा मागं सरकला, आक्रसला आणि वेटोळं करून बसला. जिवंत नसलेली गोष्ट अंग चोरते हे मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. सुई मी सुमनच्या डब्यातून नेली होती. ती मी परत त्या डब्यात ठेवली नाही.

घरी येताना वस्तीच्या कमानीवर जयंतीच्या पताका उन्हात फडफडत होत्या. निळ्या. मी स्कूटर थांबवून बघत राहिलो. कडा विरल्या होत्या, टोकांना दशा सुटल्या होत्या. तो धागा आमच्याच पताकेचा होता असं मी म्हणत नाही. निळ्या टेरिकॉटच्या पँटी अख्खं गाव घालतं. आणि भगवे काय, हिरवे काय, आता झेंडे सगळ्यांचेच पॉलिस्टरचे. पण ज्या रंगाकडे बघून लहानपणापासून ऊर भरून आला, त्याच्याकडे मी त्या दिवशी पहिल्यांदा भीतीने बघितलं. त्याचं मला अजून वाईट वाटतं.

एकदा दिसायला लागलं की मग सुटका नसते. भाजीवाल्याची पिशवी, उसाच्या ट्रॉलीवरची निळी ताडपत्री, दारातलं पायपुसणं, मैदानातल्या कचऱ्याच्या ढिगातून संध्याकाळी निघणारा तो गोडसर, घशात बसणारा धूर. आमच्याकडे चार दिवसांआड नळ येतो, तेव्हा बायका पाणी प्लास्टिकच्या पिंपात भरतात आणि पिंपाच्या तोंडाला नायलॉनचं जुनं पातळ बांधतात, पाणी स्वच्छ राहावं म्हणून. मी ज्याला त्याला सांगत सुटलो. चहाच्या टपरीवर सांगितलं, विहारात सांगितलं. लोक ऐकून घ्यायचे आणि शेवटी एकच विचारायचे, "मग श्वास घ्यायचा न्हाय काय आता?"

आणि नेमकी त्याच एप्रिलमध्ये प्रज्ञा पहिल्या बाळंतपणाला आली.

मुलगी झाली. आम्ही तिला चिमी म्हणतो. आतल्या खोलीत आई नि बाळ, कानाला फडकं, शेक-शेगडी, सगळं रीतसर. आमच्याकडे बाळंतिणीला वारं लागू द्यायचं नसतं. सुमनच्या आईने सुमनला जपलं तसं सुमनने प्रज्ञाला जपलं. खिडकी बंद, दार लोटलेलं, पंखा एकच्या आकड्यावर. बाहेर उन्हाच्या झळा होत्याच, त्यामुळे कुणी तक्रार केली नाही. आणि माझा तर या रिवाजाला पहिल्यांदाच मनापासून पाठिंबा होता. एरवी मी असल्या समजुतींवर सुमनला टोचून बोलायचो. या वेळी मी स्वतः खिडकीच्या फटीत पेपरच्या घड्या कोंबल्या, वरून चिकटपट्टी मारली, दाराच्या खालच्या फटीला जुनं कापड गुंडाळून लावलं. माझ्या डोळ्यापुढे मायक्रोस्कोपखालचे ते धागे होते. गावावर पडायचं ते पडू दे, माझ्या नातीवर पडायला नको. खोली बंद करून मी बाहेर आलो की मला चार हात उंच झाल्यासारखं वाटायचं. बत्तीस वर्षांचं ज्ञान शेवटी घरच्या कामी आलं, असं मी सुमनला म्हणालोही होतो.

त्या खोलीत काय काय होतं ते सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. सुमन टॉवेलची शिलाई करते. मागावरून टॉवेलचे गठ्ठे घरी येतात, ती कडा शिवते, लोंबणारे दोरे कापते आणि पुन्हा गठ्ठे बांधून देते. टॉवेल सुती म्हणून विकला जात असला तरी किनार आणि फुलं चमकत्या दोऱ्याची असतात, तो दोरा कसला हे वेगळं सांगायला नको. मशीन त्याच खोलीत होतं, कारण उजेड तिथं होता, आणि आता बाळावर नजरही राहायची. दिवसभर कात्री चालायची. शिवाय पाहुण्यांनी आणलेली मऊ केसाळ ब्लँकेटं, फरची अस्वलं, झगमग झबली, बाळावर छत्रीसारखी उघडणारी नायलॉनची मच्छरदाणी, खिडकीला नवा पडदा. सगळं प्रेमाने आणलेलं. मी रोज ती खोली ओल्या फडक्याने पुसायचो. फडकंही बहुतेक सुती नव्हतं.

मे महिन्यात मला दोन-तीन दिवस करमाळ्याला जावं लागलं, चुलतभावाच्या घरी दुःखाचं कार्य होतं. मी आलो तो शनिवारी संध्याकाळी. रविवारी नेहमीप्रमाणे बरण्या गोळा केल्या, आमच्या गच्चीवरचीही काढली, कॉलेजात नेऊन दिल्या. पुढच्या आठवड्यात मॅडमनी मला हाक मारली. त्यांच्यासमोर आमचा पेपर होता. त्या मोजत होत्या, थांबत होत्या, डोळे चोळून परत मोजत होत्या.

"मामा, तुमच्या गच्चीला झालंय काय?"

मी बघितलं. स्टेशनच्या पेपरवर, बाजारातल्या पेपरवर धागे वेगवेगळे दिसायचे, मोजता यायचे. इथं जाळं होतं. मॅडमनी पेपरवर रेघा आखून एक-एक चौकोन मोजायला घेतला होता. आकडा मी इथे लिहीत नाही. सगळ्या गावात तो सर्वांत मोठा होता, आणि दुसरा कुठलाच त्याच्या जवळपास नव्हता, एवढं सांगतो.

मला लगेच मागच्या गल्लीतला यंत्रमागाचा कारखाना आठवला. त्याच्या पंख्याची तोंडं आमच्या गच्चीकडे आहेत. रागाने माझं डोकं तापलं. घरी येऊन मी पहिल्यांदा खिडकीवरची चिकटपट्टी तपासली, सुटलेलं टोक दाबलं, वर आणखी एक पट्टी मारली. मग करमाळ्याच्या आठवड्यातल्या बरणीत काय सापडलं ते सांगत कारखानदाराच्या नावाने खडे फोडायला लागलो. सांगून बघतो, अर्ज देतो, पेपरात छापून आणतो. सुमन मशीनवर बसली होती. दोरा तोंडाने ओला करून सुईत ओवत ती सहज म्हणाली, "त्येंचं कशाला नाव घेताय? ती बरणी त्या आठवड्यात गच्चीवर होतीच कुटं?"

"म्हंजे?"

"तुमी करमाळ्याला गेला आन् त्याच दिवशी वावटळ सुटली की. कौलं उडाली शेजारची. बरणी फुटली आसती तर कॉलेजनं तुमालाच धरलं आसतं. मी आणून हितं कपाटावर ठिवली. तुमी यायच्या दिवशी परत वर न्हेऊन ठिवली, तशीच. हात न्हाय लावला आतनं. लई जपून ठिवली व्हती."

कपाट पाळण्यापासून दोन हातांवर आहे.

त्या क्षणाचं काय सांगू. काखेत कळसा नि गावाला वळसा, ही म्हण मी शेकडो वेळा दुसऱ्यांना लावली असेल. सुमनच्या पायाशी कापलेल्या दोऱ्यांचा ढीग होता. पंखा एकच्या आकड्यावर फिरत होता. मच्छरदाणीत चिमी झोपली होती, तोंड किंचित उघडं ठेवून, नि तिचं पोट वरखाली होत होतं. मोठ्या माणसापेक्षा बाळ भरभर श्वास घेतं. मी आयुष्यभर काच धुतली आणि या एका खोलीला झाकण लावून बसलो.

दुसऱ्या दिवशी मी मॅडमना सांगितलं, "ती बरणी वाऱ्यानं आडवी झाली व्हती, मॅडम. घरच्यांनी उभी केली. तो नमुना धरू नका." त्यांनी माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघितलं. मग वहीत लिहिलं, नमुना बाद. साखरेच्या खालोखाल आमची नोंद गेली. बत्तीस वर्षांत मी निरीक्षणात खोटं बोललो ते तेवढं एकदा.

का बोललो? खरं सांगितलं असतं तर मॅडमनी त्या खोलीत दुसरी बरणी ठेवायला मागितली असती. सुमनच्या मशीनबद्दल विचारलं असतं. सुमनला कळलं असतं की तिच्या कात्रीतून काय उडतंय, नि ते तिला जन्मभर लागलं असतं. प्रज्ञाच्या सासरी गेलं असतं. हे सगळं मी स्वतःला त्या वेळी समजावलं. पण खरं कारण एवढंच होतं की चिकटपट्टी मी मारली होती, आणि मला माझी लाज वाटली.

झाकली मूठ झाकलीच ठेवून मी माझ्या परीने थोडं काही केलं. कंबर दुखते म्हणून मशीन बाहेरच्या खोलीत हलवायला लावलं, अस्वलं माळ्यावर टाकली. सकाळी कुणी उठायच्या आत खिडकी उघडायचो. सुमन नाहीतर प्रज्ञा ती लावायची. "पप्पा, बाळाला वारं लागंल की," प्रज्ञा म्हणायची. आधी मीच त्यांना बाहेरच्या हवेची एवढी भीती घातली होती की आता माझंच कुणी ऐकत नव्हतं. आणि खिडकी उघडून तरी काय आत येणार होतं? समोर मैदानात ढीग जळत होता. उघडली तरी भीती, लावली तरी भीती. असा शेवटचा एक महिना गेला आणि प्रज्ञा बाळाला घेऊन पुण्याला गेली.

चिमी आता चार वर्षांची आहे. बडबडी आहे, भाकरी चुरून खाते, मला फोनवर गोष्टी सांगते. गोष्ट सांगता सांगता मध्येच खोकते. वर्षभरापासून तिला पंप लागतो, तोंडाला मुखवटा लावून दोन वेळा. डॉक्टर म्हणतात, आजकाल पुष्कळ मुलांना असतं. पुण्याची हवा म्हणा, गाड्यांचा धूर म्हणा, जावयाच्या आईलाही धाप लागायची म्हणे. मी मॅडमना एकदा फोन करून आडून विचारलं होतं, की तान्हेपणी असं काही नाकात गेलं तर पुढे होतं का. त्या पुन्हा तेच म्हणाल्या, अजून नीट माहीत नाही, मामा. तेव्हा ते उत्तर मला आवडलं नव्हतं. आता मी त्याच्याच आधाराने झोपतो. तीन महिन्यांच्या त्या खोलीचा नि तिच्या खोकल्याचा संबंध मला जोडता येत नाही. तोडताही येत नाही.

इथवर लिहून मी वही मिटून ठेवली होती. सांगायचं धाडस होईल असं वाटत नव्हतं.

काल प्रज्ञा आली. सातवा संपत आलाय. दुपारची वेळ, बाहेर झळा. सुमनने सवयीने आतल्या खोलीची खिडकी लावून घेतलेली. प्रज्ञा पलंगावर टेकली, चिमी तिच्या मांडीवर डोकं ठेवून पडली. पाय पसरत प्रज्ञा म्हणाली, "आई, मशीन इथंच आण की. तेवढ्याच गप्पा होतील." सुमन मशीन आणायला वळली आणि मी म्हणालो, "थांब."

मग मी सगळं सांगितलं. बरणी, वावटळ, कपाट, पेपरवरचं जाळं. मॅडमशी खोटं बोललो तेही. बोलताना मी चिमीकडे बघत नव्हतो. प्रज्ञा तिच्या फ्रॉकची घडी करत होती. करायची, मोडायची, परत करायची. सुमन दारात उभी होती. माझं बोलणं संपल्यावर ती हळू म्हणाली, "माझं मशीन." आणि आपले दोन्ही हात पदराला पुसत राहिली, कितीतरी वेळ.

"चिमीच्या वेळेला," प्रज्ञाने विचारलं, "आम्ही इथंच असताना, तुम्हाला हे माहीत होतं?"

"शेवटचा महिना," मी म्हणालो. "शेवटचा महिना माहीत व्हतं."

प्रज्ञाने चिमीला उठवलं, पिशवीतून पंपाचा डबा घेतला आणि तिला घेऊन बाहेरच्या खोलीत निघाली. सुमनने पुढे होऊन तिच्या हातातली पिशवी घेतली. दाराशी प्रज्ञा थांबली. आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर मला सोपं गेलं असतं.

"पप्पा, डॉक्टर दर वेळी एक प्रश्न विचारतात," ती म्हणाली. "तान्ही असताना ही कुठं धुळीच्या, धाग्याच्या जागेत होती का. दर वेळी मी नाही म्हणून सांगत आलेय."